डावा पाय एक नंबर मोठा

बुटांच्या दुकानातला तो सगळ्यांत जुना सेल्समन. घट्ट बूट त्याने कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. "वापरून सैल होईल" हे वाक्य त्याला वर्ज्य होतं. "बूट पायासाठी असतो, पाय बुटासाठी नाही," असं तो गिऱ्हाइकाला बजावायचा.

स्वतःच्या बाबतीत मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला एक नंबर मोठा होता. शाळेत पोरं त्याला 'बदक' म्हणायची. तेव्हापासून त्याने त्या पायाशी उभा दावा मांडला: दोन्ही पायांत उजव्याच्याच मापाचा बूट. घरातही मोजे काढायचा नाही.

"अहो, पाय आहे तो, चोरीचा माल नाही," बायको म्हणायची. तो पेपर तोंडापुढे धरायचा.

यंदा अंगठा सुजला, नख काळं पडलं. तरी हा आपला बुटात पाय कोंबून उभा.

एका दुपारी एक नाच शिकवणाऱ्या बाई आल्या. बसल्या, दोन्ही पाय पुढे केले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उजवा सहा, डावा पाच. दोन जोड घेते."

तो कुजबुजला, "बाई, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की. एक पाय जाडा म्हणून काय त्याला उपाशी ठेवू? बिचारे दोघं मिळून मला नाचवतात." मग त्यांनी खाली पाहिलं. "तुम्ही का लंगडताय?"

"बूट नवा आहे."

बूट चार वर्षांचा होता.

दुकान बंद झाल्यावर तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मोजा काढला आणि डावा पाय मापाच्या पट्टीवर नीट टेकवला. बोटं एकमेकांवर चढलेली, अंगठा जांभळा. सख्ख्या भावाला इतकी वर्षं अडगळीत झोपवल्यासारखं त्याला वाटलं. त्याने फळीवरून दोन जोड उतरवले.

"उरलेल्या दोन बुटांचं काय करणार?" गल्ला मोजत बसलेल्या मालकाने विचारलं.

"राहू देत खोक्यात. पाय खोक्यात राहिला नाही म्हणजे मिळवली."

घरी त्याने आपणहून गरम पाणी मागितलं. बायकोने टब आणून ठेवला आणि वाकून पाहिलं.

"खरंच मोठा आहे हो."

"आहे," तो म्हणाला, आणि पाण्यात बोटं सुटी करत बसला.

हल्ली दोघं संध्याकाळी फिरायला जातात. बायकोला मागून ओरडावं लागतं, "अहो, जरा दमानं."