वेस्ट बिल्डिंग पाडायच्या आधी

सरकारी इमारतींच्या दुरुस्तीखात्यात नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते छतातून टपकतात. आपण फक्त खाली बादली ठेवायची! ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेतल्या एका छोट्या राज्याच्या राजधानीत ही नोकरी केली, आणि माझी बादली केव्हाच भरली. मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "श्रीधर, तुझ्या त्या वेस्ट बिल्डिंगचं सांग ना यार." हल्ली सांगतानाही दमायला होतं. पण सांगतो.

आधी थोडा इतिहास. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा राज्य खुशीत होतं. त्या भरात त्यांनी ईस्ट बिल्डिंग बांधली. दारात उंच खांब, पितळी दरवाजे, संगमरवरी जिना, सगळा थाट! मग मंदी आली. समोरची वेस्ट बिल्डिंग त्या मंदीत उभी राहिली, बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारनं काढलेल्या बांधकामांतून. तिला एकही खांब नाही. सपाट चुनखडीचा दगड, लांबट खिडक्या आणि दारावर एक दगडी गरुड, बस. पोस्टकार्डावर ईस्टचा फोटो असायचा. आमचं ऑफिस अर्थातच वेस्टमध्ये होतं.

* * *

मी आर्किटेक्ट. नागपुरात शिकलो, इथे येऊन पुन्हा शिकलो. वाटलं होतं, राजधानीत नोकरी म्हणजे काहीतरी डिझाइन करायला मिळणार. पहिल्या दिवशी नवी पेन्सिल, नवा टाय. आमचा चीफ वॉल्टर, उंच, वाकलेला, कायम झोप अपुरी झाल्यासारखा माणूस. त्यानं हात मिळवला आणि मला थेट तिसऱ्या मजल्यावर नेलं. कॉरिडॉरच्या मधोमध पाणी ठिबकत होतं.

मी उत्साहानं विचारलं, "हे कधीपासून?"

वॉल्टर म्हणाला, "माझ्याआधीपासून."

* * *

तेलटंचाईच्या वर्षांत हीटिंग वाचवायला म्हणून सगळीकडे फॉल्स सीलिंग ठोकलं होतं. गळती शोधायला मी एकदा शिडी लावून त्याच्या वर डोकं घातलं, टॉर्च मारला, आणि तसाच उभा राहिलो.

वर मूळचं छत होतं! प्लास्टरमध्ये घडवलेल्या गव्हाच्या ओंब्या, निळ्या रंगावर सोनेरी तारे. मंदीच्या काळात, पोटाला चिमटे घेणाऱ्या माणसांनी रंगवलेलं. दहा वर्षं कोणी बघितलेलं नव्हतं.

खाली टेबलाशी बसलेल्या क्लार्कबाईंनी हाक मारली, "काही सापडलं का?"

मी म्हणालो, "इथे एक सुंदर छत आहे!"

त्या टाइप करता करता म्हणाल्या, "आम्हाला आहे की एक, हे खालचं."

* * *

दारावरच्या गरुडाचे नाक-डोळे पावसानं आणि कबुतरांनी पार झिजवले होते. एक आमदार तावातावानं ऑफिसात आले. "तुमचा तो गरुड कोंबडीसारखा दिसतो! पाहुण्यांसमोर लाज जाते."

त्याच आमदारांनी त्या वर्षी आमचं दुरुस्तीचं बजेट कापलं होतं. वॉल्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सर," तो म्हणाला, "खायला दिलं नाही की असंच होतं."

* * *

आमच्या गावात मराठी घरं मोजकीच. गणपतीला सगळे एका बेसमेंटमध्ये जमायचो. एका वर्षी कोणाचे तरी वडील नागपूरहून आले होते, दामलेकाका. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, साहेबाच्या काळातल्या सरकारी इमारती सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. मला वाटलं, चला, आपल्या धंद्यातला माणूस भेटला! मी गळकी छतं, झिजलेला दगड, न मिळणारं बजेट, सगळं भडाभडा सांगितलं. काकांनी मोदक संपवत शांतपणे ऐकलं.

"मग एवढ्या लांब कशाला आलास बाबा?" ते म्हणाले. "हे सगळं आपल्याकडे होतं की!"

बायको इतकी हसली की तिला मोदकाचा ठसका लागला.

* * *

माझी मुलगी मृणाल तेव्हा तिसरीत होती. तिच्या वर्गाची ट्रिप आमच्या इमारतीत आली. टीचरनं कौतुकानं विचारलं, "तुझे बाबा इथे काय करतात?"

मृणाल म्हणाली, "ही इज अ डॉक्टर फॉर ओल्ड बिल्डिंग्ज."

मी भरून पावलो. टीचर म्हणाली, "किती छान! मग त्या बऱ्या होतात का?"

मृणालनं थोडा विचार केला. "नो," ती म्हणाली. "ही जस्ट व्हिजिट्स."

* * *

शेवटी ठरलं, वेस्ट बिल्डिंग पाडायची आणि तिथे पार्किंग करायचं. समितीपुढे सुनावणी होती. वॉल्टर आठवडाभर तयारी करत होता. मंदीतल्या सरकारी इमारती अशा साध्या का, त्यांच्या साधेपणात काय अभिमान आहे, सगळं तो जीव तोडून बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

एक सभासद जांभई आवरत म्हणाले, "पन्नास वर्षांची तर इमारत! मी साठ वर्षांचा आहे, मला कोणी ऐतिहासिक म्हणत नाही."

वॉल्टर म्हणाला, "तुमच्या जागी अजून कोणी पार्किंग मागितलेलं नाही, सर."

सगळे हसले. सभासदही हसले. मग मतदान झालं आणि आम्ही हरलो.

बाहेर आल्यावर वॉल्टर पायरीवर बसला. मी शेजारी बसलो.

* * *

आमच्याकडे लोरेन नावाची, नकाशे काढणारी ड्राफ्ट्समन होती. पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ती वॉल्टरला म्हणाली, "माझ्या वडिलांना एकदा आणू? त्यांनी इथे दगडकाम केलंय."

ते व्हीलचेअरमध्ये आले. खूप थकलेले, हात मात्र अजून फावड्याएवढे. पुढून आम्ही न्यायला लागलो तर म्हणाले, "इथे नको. मागे चला."

मागे पूर्वी कोळशाचं आवार होतं. तिकडे कोणीच फिरकत नसे. आणि त्या मागच्या भिंतीवर, खिडक्यांच्या वर, बारीक कोरलेली पानं होती, टोकापासून टोकापर्यंत. साध्या इमारतीच्या पाठीवर एवढं कोरीवकाम का, हे कोडं मला कधीच उलगडलं नव्हतं. मी विचारलं.

"पुढचं काम संपत आलं होतं," ते म्हणाले. "संपलं की सगळ्यांना घरी पाठवणार होते. हिवाळा तोंडावर आला होता. आमचा फोरमन म्हणाला, मागे जा आणि पानं कोरा. मी विचारलं, किती? तो म्हणाला, बर्फ वितळेपर्यंत."

लोरेननं तोंड फिरवलं. वॉल्टर त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. "आय अॅम सॉरी," तो म्हणाला. "आम्हाला वाचवता आली नाही."

म्हातारबुवांनी त्याच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. मग भिंतीकडे नीट, कारागिराच्या नजरेनं बघून विचारलं, "पाडणार कशानं? मशीननं?"

"हो."

त्यांनी मान हलवली.

"हातानं पाडा म्हणावं," ते म्हणाले. "दोन हिवाळे काम पुरेल!"