घड्याळ काढून ठेवणारा माणूस

तुम्ही पिपरी मेघेत राहत असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. कोणत्याही कामाला हात घालण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचा. कॅरम असो की भेंडी चिरणं. लोक हसायचे. मी हसत नसे.

नोकरीत तो टीव्ही केंद्रावर टेप पुसायचा. त्या काळी तीन बोटं रुंद टेपवर कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचे. टेप परदेशातून यायची, महाग पडायची, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की तीच पुसून तिच्यावर दुसरा. पुसायचं यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक. त्याच्याजवळ घड्याळ बंद पडायचं.

"आधी घड्याळ काढाचं, मंग पुसाचं," तो ऐटीत सांगायचा.

त्यानं पुसलेल्यांत माझी आई होती.

आमच्या रोहणा गावच्या काही बायांना, त्यांत आईलाही, कापूस वेचणीवर बोलायला केंद्रावर नेलं होतं. गावात टीव्ही नव्हता, तो कार्यक्रम कुणीच पाहिला नाही. मी तान्हा असतानाच ती गेली. घरात तिचा फोटोसुद्धा नाही. पुढं मी स्वतःच्या हिमतीवर नालवाडीत टीव्हीचं दुकान उभं केलं. भिंतभर चेहरे हलत असतात, तिचा सोडून.

त्याचा टीव्ही दुरुस्त करायला गेलो, गप्पांत रोहणा निघालं, आईचं नाव निघालं आणि हे कळलं.

"काऊन पुसली?" माझा आवाज चढला.

"टेप लागत होती. तुही माय आहे असं डब्यावर लिहेल नोतं."

माफी नाहीच. उलट म्हणाला, "पुसण्याआधी टेप चालवून पाह्याले लागे. मले आठवते."

असा मी कुणावर विश्वास ठेवत नाही. विचारलं, "कोणत्या हातानं वेचून दाखवलं तिनं?"

"डाव्या."

आई डावखुरी होती, आजी सांगायची.

तिथून सौदा सुरू झाला. मी रिमोट, वायरी बघून द्यायचो. तो घड्याळ काढून खिशात टाकायचा आणि आईची एक गोष्ट द्यायचा. दिव्यांच्या उजेडात ती डोळे मिचकावत होती. माइकला हात लावून पाहत होती. लुगड्याचा रंग विचारला तर म्हणाला, "टेप काळीपांढरी होती, शेठ. रंग कुठून आणू?"

एका खेपेला एकच. दुसरी मागितली की घड्याळ मनगटावर चढवायचा. दुकान बंद.

शेवटचं एक राहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? त्यावर आई असं काही बोलली की बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"काय बोलली?"

"पुढच्या वेळी येजो."

मी नवाकोरा टीव्ही देऊ केला.

"सगळं आज देलं त तू कायले येशील बे?"

मी कप आपटून निघालो. म्हातारा एकटा होता, दिसत होतं मला. पण त्यासाठी माझ्या आईला ओलीस धरायचा हक्क त्याला कुणी दिला?

त्यानंतर गेलो नाही. निरोप आला तो मयतीचाच.

अंगणात ठेवला होता. शेजाऱ्यानं मला पुढं जागा करून दिली. "रोज विचारून राह्यले होते, शेठ आला काय म्हणून."

मी वाकून पाहिलं. मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ होता. घड्याळ काढून ठेवलं होतं.