पर्यायी व्यवस्था होईपर्यंत

कुणी जुना कागद टेबलावर ठेवला की भाऊसाहेब आधी त्यावर पालथा हात ठेवायचे. मग समोरच्याकडे बघून म्हणायचे, "काय पाहिजे ते सांगू नका. काय आहे ते वाचतो."

समोरचा हिरमुसायचा. तो बिचारा दोन बस बदलून, काय पाहिजे तेच सांगायला आलेला असायचा. "भाऊसाहेब, यामा आमना आजाना नाव शे ना?" असं म्हणत तो तोंडाकडे बघत राहायचा. भाऊसाहेब त्याला हाताने थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि नाक कागदाला टेकेल इतके वाकून वाचायला लागायचे. नाव असलं तर "आहे", नसलं तर "नाही". या दोन शब्दांच्या पलीकडे त्यांनी कुणाचं सांत्वन केलेलं मी पाहिलं नाही. पण 'नाही' ऐकून खाली बसलेल्या माणसाला चहा मात्र स्वतः जाऊन आणून द्यायचे.

सटाण्याच्याही पलीकडच्या त्या तालुक्याच्या गावात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा ते तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसत होते. खोलीत छतापर्यंत लाकडी फळ्या, फळ्यांवर लाल रुमालात बांधलेली दप्तरं आणि दप्तरांतले जुने कागद मोडीत. मोडी म्हणजे आपल्याच मराठीची जुनी, घाईने लिहायची लिपी. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे संपला ते ज्याने त्याने ओळखावं. अख्ख्या तालुक्यात ती वाचता येणारा माणूस एकच, हे भाऊसाहेब. आजोबांची जमीन असो की दाखल्यासाठी हवी असलेली जुनी नोंद, प्रत्येकाची वाट त्यांच्या टेबलापर्यंत येऊन थांबायची.

गावाबद्दल थोडं सांगायला हवं. तुम्हीही असं एखादं गाव पाहिलं असेल. एक कचेरी, तिच्याभोवती स्टॅम्पवाले, झेरॉक्सवाले, पासपोर्ट फोटोवाले, वकील आणि सात-आठ चहाच्या टपऱ्या. कचेरीला सुट्टी म्हणजे गावाला सुट्टी. पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा इथले भजीवाले सरकारवर जितके रागावले तितकं कुणीच रागावलं नसेल. या गावात माणूस येतो तो कागदासाठी आणि राहतो तोही कागदासाठीच. आम्ही बदलून आलेले लोक खोलीला पडदेसुद्धा लावत नसू. कशाला लावायचे, आज ना उद्या जायचंय, असं म्हणत माझी एक मैत्रीण तिथे नऊ वर्षं बिनपडद्याची राहिली.

भाऊसाहेबांची बावीस वर्षं झाली होती. ते मूळचे नाशिकचे. बायको नाशिकला शाळेत शिक्षिका. लग्नानंतर तीन वर्षांनी यांची इकडे बदली झाली आणि तेव्हापासून आठवडा संपला की संध्याकाळची बस, रविवार दुपारची बस, असा त्यांचा संसार चालला होता. त्यांना एकच हवं होतं, नाशिकला बायकोजवळ राहायला मिळावं. तसं ते सरळ सांगायचे, त्यात लाजायचे नाहीत. "हिने केलेली सकाळची भाजी मला सोमवारी खायचीय, एवढंच," म्हणायचे.

त्यांची बदली होत नव्हती असं नाही. तीनदा झाली. तिन्ही वेळा नाशिकचा आदेश आला, तिन्ही वेळा त्यांनी पेढे वाटले आणि तिन्ही वेळा त्या आदेशावर साहेबांचा शेरा पडला : पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कार्यमुक्त करू नये. बदली होणं वेगळं आणि सुटका होणं वेगळं, हे सरकारी नोकरीत नसलेल्यांना पटकन कळत नाही. आदेश येतो, पण इथल्या साहेबांनी सोडल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. मोडी वाचणारा दुसरा कुणी नाही, म्हणून सोडायचं नाही. साहेब बदलत गेले, शेरा बदलला नाही.

मग दुसऱ्या कुणाला शिकवायचं की! मला हा उपाय पहिल्याच महिन्यात सुचला आणि आपण फार हुशार आहोत असं वाटलं. मी त्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, मला शिकवा ना मोडी."

"नका शिकू."

"का?"

"कॉम्प्युटर शिका. त्याने काही बिघडत नाही."

अव्वल कारकुनांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, नादी लागू नका. तो माणूस विद्या कुणाला द्यायचा नाही. दिली तर याला कोण इचारील? महत्त्व वाढवून ठेवलंय स्वतःचं." मला ते पटलं. तोंडाने बदली बदली करायचं आणि चावी मुठीत दाबून ठेवायची, म्हणजे काय! मला त्यांचा राग आला. त्या रागातच मी मोडी शिकले. मोबाइलवर धडे बघायचे, जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर गेले की एखादं दप्तर सोडायचं आणि रुमालाची गाठ पुन्हा होती तशी मारून ठेवायची. वर्षभरात अडखळत का होईना, वाचता यायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांसमोर एकदा खणखणीत वाचून दाखवीन आणि त्यांची जिरवीन, असं मनात होतं. आता लिहितानाही लाज वाटते.

तो दिवस आला तो शुक्रवारी. शेजारचं एक गाव मोठं होत चाललं होतं आणि कचेरी आमच्याकडे हलवा म्हणून तिथल्या लोकांनी अर्जांवर अर्ज लावले होते. आमच्या गावाचे पुढारी घाबरले. कचेरी गेली तर गावात उरणार काय? हे गाव तालुक्याचं ठिकाण म्हणून पहिल्यापासून कसं निवडलं गेलं, ते पुराव्यासकट एका स्मरणिकेत छापायचं ठरलं. नेमका तो जुना कागद कामाचे तास संपता संपता सापडला. साहेबांच्या केबिनमध्ये आठ-दहा जण गोळा झाले. मसुदा दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात द्यायचा होता.

भाऊसाहेब पंधरा मिनिटांपूर्वीच स्टँडवर गेले होते. शनिवारी सकाळी त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. महिन्याभरापूर्वी रजेचा अर्ज दिलेला, मंजूरही झालेला.

"बस निघाली असली तरी फोन करा," एक पुढारी म्हणाले. "पुढच्या थांब्यावर उतरवा, मी गाडी पाठवतो. नाशिक काय पळून चाललंय का?"

साहेबांनी फोन उचलला. मला भाऊसाहेबांची ती पिशवी आठवली. बायकोसाठी त्यांनी काळा चष्मा घेतला होता आणि दुपारी तो आम्हा सगळ्यांना घालून दाखवला होता. मी म्हटलं, "साहेब, मी वाचते."

जिरवायची वगैरे तेव्हा डोक्यातच नव्हतं. मी एकेक ओळ लावत गेले आणि जे आलं ते असं : नदीला पूर आल्याने कचेरीचं सामान पलीकडच्या गावी नेता येत नाही, कारकून तापाने आजारी आहे, सबब पाऊस सरेतोवर कचेरी याच गावी ठेवावी.

म्हणजे गाव निवडलं वगैरे काही नव्हतं. गाड्या अडकल्या, म्हणून कचेरी राहिली, आणि कचेरी राहिली म्हणून हे सगळं गाव राहिलं. "हे छापायचं नाही," पुढारी म्हणाले. स्मरणिकेत पुढे 'सुपीक भूमी व मध्यवर्ती स्थान' असं छापून आलं.

साहेबांनी मात्र त्या कागदातलं एक अक्षरही ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. "तुम्हाला मोडी येते, मॅडम?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मलाही क्षणभर बरं वाटलं.

मंगळवारी भाऊसाहेब आले. शिपायाने त्यांना दारातच सगळं सांगितलं होतं. मला वाटलं शाबासकी देतील, निदान चिडतील तरी. ते माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"का वाचलंत?"

"तुम्हाला बसमधून उतरवलं असतं."

"उतरलो असतो. मला सवय आहे." मग म्हणाले, "तुमच्या आधी एक कारकून होता. त्याला शिकवायला घेतलं होतं मी. आठ दिवसांनी त्याच्या लग्नाची पत्रिका आली, वही बंद केली. तुम्ही तर घोटीला सहा महिन्यांचं पोर ठेवून आलेल्या. तुम्हाला कसं शिकवणार होतो?"

मला रडू आलं. सगळी कचेरी ज्याला कोता म्हणत होती, त्या माणसाने दुसरं कुणी इथे अडकू नये म्हणून सुटायची एकुलती एक वाट स्वतःच बंद करून घेतली होती, आणि त्याच्या जागी मी आपणहून जाऊन उभी राहिले होते.

महिन्याच्या आत त्यांना कार्यमुक्त केलं. टाइप केलेला, देवनागरीतला, पाच ओळींचा तो आदेश भाऊसाहेबांनी तीनदा वाचला. शाल-नारळ घेतला नाही. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले, रेकॉर्ड रूमची चावी त्यावर ठेवली आणि मान खाली घालून गेले. त्यांना आनंद झाला होता, तो लपत नव्हता, आणि म्हणूनच त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी घोटीकडे बदली झाली. शेरा तोच पडला. घोटीला नवऱ्याचं भांड्यांचं दुकान आहे, ते हलवता येण्यासारखं नाही, मुलगी सासूबाईंपाशी. रोज व्हिडिओ कॉल करायचे. एकदा दोन दिवसांसाठी घरी गेले, तर मी समोर बसलेली असताना मुलगी मोबाइलकडे बोट दाखवून 'आई' म्हणाली. परत आल्यावर मी खोलीला पडदे शिवून घेतले.

हे मी भाऊसाहेबांना कळवलं नव्हतं. ते तोवर निवृत्त झाले होते. दिवाळीच्या नमस्कारासाठी त्यांनी शिपायाला फोन केला आणि तो बोलून गेला. पुढच्याच सोमवारी ते कचेरी उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. त्यांच्यासोबत काळा चष्मा घातलेल्या काकू आणि दोन मोठ्या बॅगा. साहेबांना त्यांनी अर्ज दिला : विनामोबदला मोडी वाचन करीन, मॅडमना सोडावं. साहेबांना काय, वाचणारा मिळाल्याशी मतलब. चार वाजता माझा आदेश हातात होता.

"काकू, तुम्ही तरी अडवायचं त्यांना," मी म्हटलं.

"अडवून ऐकणारेत का ते?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं हा माणूस मी फक्त सुट्टीपुरता पाहिला. आता माझीही शाळा संपली, जिथे जाईल तिथे मीही जाणार. पाणी मात्र भारी जड आहे गं इथलं, डाळ शिजायची नाही." भाऊसाहेब तोवर आत जाऊन बसले होते. मी निरोप घ्यायला गेले, तर दप्तरातून मान वर न करता म्हणाले, "पाचची बस गाठा. नंतरची घोटीला थांबत नाही."

आता मी रोज घरून कचेरीत जाते. मुलगी मला पाहून पळत येते. गेल्या पंधरवड्यात इथल्या साहेबांनी बैठक घेतली. इथेही माळ्यावर मोडीची दप्तरं निघाली आहेत. "कुणाला वाचता येतं का?" त्यांनी विचारलं. येतं म्हटलं की जिल्ह्यात जिथे दप्तरं निघतील तिथे पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही अकरा जण होतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं.

"मग बाहेरून माणूस बोलवावा लागेल," साहेब म्हणाले. "तिकडे सटाण्याच्या पुढे एक निवृत्त गृहस्थ आहेत म्हणे. आठवड्यातून दोन दिवस येतील का, विचारून बघा." पत्राचा मसुदा करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

मसुदा करून झाला आहे. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पत्र पाठवलं तर भाऊसाहेब येतील, हे मला पक्कं ठाऊक आहे.