टेबलावरचं घड्याळ

ते प्रकरण आजही डोळ्यांपुढे आहे, आणि याला गेल्या महिन्यात नातीने दाखवलेला पिक्चर कारण आहे. तिच्या फिल्म क्लबाने इथे बडोद्यातच, अकोट्याच्या एका हॉलमध्ये एक जुना गुन्हेपट लावला होता. चाळीसेक वर्षांपूर्वी तो आला तेव्हा थिएटरात चालला नाही, पण पुढे त्याचे भक्त झाले. आता त्याला 'कल्ट' म्हणतात. "आजोबा, तुम्ही पोलीस होता, तुम्हीच सांगा, एवढं नाव होण्यासारखा आहे का?" असं नातीने विचारलं. त्याचं उत्तर मी इथे देतो. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

त्या पिक्चरमधला एक प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. इन्स्पेक्टर संशयितासमोर बसतो, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "चार मिनिटं." मग एक शब्द बोलत नाही. चौथ्या मिनिटाला संशयित फुटतो आणि चोरीचा माल पुलावरून नदीत टाकल्याचं कबूल करतो. प्रसंग झकास घेतलाय, खोटं कशाला बोलू? त्या काळी मी बडोद्यात पीएसआय होतो आणि हा पिक्चर दोनदा पाहिला होता. मिशीसुद्धा तशीच ठेवली होती.

त्याच सुमारास नागरवाड्यातली एक सून तक्रार घेऊन आली. घराणं जुन्या संस्थानी शिलेदारांचं. चुलतसासऱ्यांच्या तेराव्यानंतर देवघर उघडलं तर देवांचे चांदीचे टाक गायब. टाक म्हणजे घरातल्या देवांच्या आणि पूर्वजांच्या मूर्ती कोरलेले छोटे पत्रे. त्यांच्या सात पिढ्यांचे होते. सासूबाई अर्धांगवायूने इस्पितळात, त्यांची वाचा गेलेली. पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं, म्हणजे घरात येणाऱ्याजाणाऱ्याचं काम असणार.

दुसऱ्या दिवशी बातमीदाराने खबर आणली. त्याच आठवड्यात त्या घरात वायरिंग करायला आलेला माणूस जड पिशवी घेऊन घाईने निघताना दिसला होता. माणूस मूळचा खानदेशातला, राहायला बडोद्याजवळ बाजव्याला. तिकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर वायरमन होता आणि सुट्टीत बाहेरची कामं करायचा. स्टेशन डायरीत नोंद करून मी त्याला चौकशीला बोलावलं. आल्याआल्या तो म्हणाला, "साहेब, उद्या सकाळी कारखान्यात माझी मेडिकल आहे. कायम होणार आहे मी. सहा वर्षं वाट बघितलीय. तेवढं सोडा, मग म्हणाल तितके दिवस बसतो."

घाईत असलेला माणूस काहीतरी लपवतो, हा माझा तेव्हाचा सिद्धांत. मी खुर्ची ओढली. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मनगटावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "चार मिनिटं."

दोनतीनदा दाराकडे बघून तिसऱ्या मिनिटालाच तो बोलला. "घेतले साहेब. विश्वामित्रीत टाकले, पुलावरून."

मी बाहेर येऊन चहा मागवला. छाती फुगली होती, हे आज लाज वाटली तरी लिहितो. चांदी चोरणारा ती नदीत कशाला टाकेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, मुद्देमाल लागतो, म्हणून मी नदीत माणसं उतरवायच्या तयारीला लागलो. उतरायला कोणी राजी होईना. विश्वामित्रीतल्या मगरींना पोलिसी वर्दीचा धाक नव्हता.

आमचे जमादार गुजराती, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचनामा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. गेलेल्या वस्तूंच्या यादीवर त्यांनी बोट ठेवलं. टाक, तांब्याचं ताम्हण, चंदन उगाळायची सहाण.

"साहेब, चांदी तो समज्या. पण आ पथ्थर कोण चोरे?"

सहाण! मी यादीकडे बघतच राहिलो. माझं स्वतःचं घरही त्याच शिलेदारांच्या वस्तीतलं. आमच्याकडे सुतक आलं की देव बिनपूजेचे ठेवत नाहीत. भाऊबंदांबाहेरच्या घरी देतात, ताम्हण-सहाणेसकट. माझ्या आजोळी हे किती वेळा पाहिलं होतं! परक्या गावचा अधिकारी चुकला असता तर समजण्यासारखं होतं. मी तर या मातीतला. डोक्यात पिक्चर भरला होता, दुसरं काय?

तसाच नागरवाड्यात गेलो. "वहिनी, सुतक आलं तेव्हा देव कुणाकडे दिले होते?"

सुनेचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! अकोट्याच्या बेनकडे देतात सासूबाई नेहमी. पण चुलतसासरे गेले तेव्हा मी माहेरी होते. मी आले त्याच दिवशी सासूबाईंना झटका आला. मला वाटलं, या वेळी दिलेच नाहीत."

ज्या पुलावरून टाक नदीत टाकल्याची कबुली होती, त्याच पुलावरून मी अकोट्याला गेलो. बेन म्हणजे निवृत्त शिक्षिका, सासूबाईंची मैत्रीण. दार उघडून म्हणाल्या, "आवो, आवो. देव न्यायला आलात? पण पोलिसांना कशाला पाठवलं?" आत ताम्हणात सगळे टाक होते, ताजं गंध लावलेले, वर जास्वंदीची फुलं. "आज सोळावा दिवस. कोणी आलं नाही, म्हणून काळजीतच होते."

चोरी झालीच नव्हती. तिचा आरोपी मात्र कालपासून माझ्या स्टेशनात बाकावर बसून होता.

मी परतलो तेव्हा दुपार झाली होती. त्याची जड पिशवी आम्ही आदल्या दिवशीच त्याच्या घरून आणली होती. तिच्यात पक्कड, टेस्टर आणि जुन्या वायरींची गुंडाळी निघाली होती, आणि ती मी बाजूला सारली होती. मी त्याला म्हणालो, "न केलेली चोरी कबूल का केलीस बाबा?"

तो वर न बघता म्हणाला, "मी पण तो पिक्चर बघितलाय, साहेब. नाही म्हणणाऱ्याला चार मिनिटांनंतर आत मारायला नेतात ना? पुलाचं पण त्यातलंच सांगितलं. वाटलं, लवकर संपलं तर सकाळी मेडिकलला सोडाल."

मी स्वतः जीपने त्याला कारखान्याच्या गेटवर नेलं, लेखी चिठ्ठी दिली, तिथल्या वरच्या साहेबांना भेटलो. त्यांनी चिठ्ठी वाचून परत केली. डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते आणि यादी पुढे गेली होती. तो गेटबाहेर उभा होता. मी काही सांगायच्या आत त्याला कळलं. पिशवी खांद्याला लावून तो पायीच निघाला. जीपमध्ये बस म्हणालो, बसला नाही.

तर पिक्चरबद्दल. छायाचित्रण उत्तम, नट उत्तम, नाव झालं ते फुकट झालेलं नाही. पण त्यात खुर्चीवर बसलेला माणूस चोर आहे हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून इन्स्पेक्टरचं गप्प बसणं शोभून दिसतं. मला ठाऊक नव्हतं. मला विचारायला हवं होतं. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी प्रत्येक चौकशीत आधी भरपूर बोललो, अगदी घरी देव कोण बसवतं इथपर्यंत. सहकारी हसायचे, हसू दिलं.

त्या दिवशी अकोट्याच्या हॉलमध्ये घड्याळ टेबलावर ठेवल्याबरोबर मुलांनी टाळ्या वाजवल्या. नातीने अंधारात माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरच्या इन्स्पेक्टरकडे बघतच नव्हतो. त्याच्यासमोरचा माणूस दाराकडे किती वेळा बघतो, ते मोजत होतो.