पाडव्याचा पहिला अनारसा

मी आमच्या गावाहून, पूर्ण्याहून, निघालो त्या दिवशी अंजूरफाट्यावर लोकांना वाटलं, नवरदेव मीच. कारण बाबा मला सोडायला चिमणीला घेऊन आले होते. चिमणी म्हणजे आमची वरातीची घोडी. संध्याकाळी तिला नारपोलीत एका लग्नाला उभं राहायचं होतं, म्हणून ती दुपारीच नटली होती. कपाळावर आरशांची पट्टी, पाठीवर जरीची झूल, पायांत घुंगरू. तिच्या शेजारी नवा शर्ट घातलेला मी, हातात चाकांची बॅग, आणि रडून डोळे सुजलेली आई. कंटेनरवाले हॉर्न मारून हसत होते. एक ओळखीचा मोटरसायकल थांबवून बाबांना म्हणाला, "वरात कनाची हाय?" बाबा म्हणाले, "याची. पन नवरी आयर्लंडला हाय, चार पायांची."

टॅक्सीत बसताना बाबा एवढंच बोलले, "तिकरली मानसं कशी हायत, मना म्हाईत न्हाय. पन घोरा सगलीकरं घोराच." आईनं खिडकीतून माझ्या तोंडात दहीसाखर घातली. चिमणी मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिचं सगळं लक्ष समोरच्या भेळवाल्याच्या कुरमुऱ्यांवर होतं.

याला आता सात वर्षं झाली. गावात राहिलेल्या माझ्या भावंडांनो, आणि माझ्यासारखेच दुबई-मस्कत-डब्लिनला पांगलेल्यांनो, हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय. कारण गावाला सुट्टीवर आलो की तुम्ही एकच विचारता, "कमल्या, घोरा जिकला का?" आणि मी हसून विषय बदलतो. आज नीट सांगतो.

आमच्या शेतात भात पिकायचा तिथं आता गोडाऊन आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. माझे चुलतभाऊ त्याच गोडाऊनमध्ये शिफ्ट करतात. मीही वर्षभर स्कॅनर हातात धरून खोके मोजले. पण खोक्याला मान नसते, खोका फुरफुरत नाही. मग मुंबईच्या रेसकोर्सवर सईस म्हणून लागलो, म्हणजे घोड्याची सगळी उठबस करणारा माणूस. तिथं पहाटे घोडे फिरवायला शिकलो. सहा वर्षांनी आयर्लंडमधल्या एका यार्डाला घोड्यांचा पहाटेचा सराव घेणारे स्वार हवे होते, त्यांनी बोलावलं आणि मी गेलो.

यार्ड म्हणजे घोड्यांची वाडीच. चाळीस घोडे, बारा माणसं आणि अखंड चिखल. मालकीणबाई मेव्ह याच ट्रेनर. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर दुसऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजाच्या. त्यांच्या हाताखाली डोनल. तो हेड लॅड, आपल्याकडे मुकादम म्हणतात तसा. 'लॅड' म्हणजे खरं तर पोरगा, पण हा पोरगा चौसष्ट वर्षांचा होता. पहिल्या हिवाळ्यात माझी बोटं इतकी गारठायची की खोगिराचा पट्टा आवळता यायचा नाही. डोनल मुकाट्यानं यायचा, पट्टा आवळायचा आणि निघून जायचा. ना कधी हसला, ना कधी टोमणा मारला. त्याचे उपकार मी कधी तोंडानं मानले नाहीत. मानले असते तर तो पळून गेला असता.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे टॉम आला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण यार्डात तो टॉमच. हा उड्यांच्या शर्यतीचा घोडा. तीन मैल धावायचं आणि वाटेत माणसाच्या छातीएवढे अडथळे ओलांडायचे. त्याची मालकीण नोरा. वय ऐंशीच्या पुढे, आधी गावातलं पोस्ट सांभाळायच्या. टॉमची आई त्यांच्या नवऱ्यानं घरामागच्या कुरणात वाढवलेली. नवरा वारला, घोडी म्हातारी झाली, आणि तिचं हे शेंडेफळ. नोरांकडे दुसरा घोडा नव्हता आणि यापुढे असणारही नव्हता. हे त्या स्वतःच सांगायच्या, अगदी सहज, बाजारातून दूध आणायचं राहिलं असं सांगावं तसं.

टॉमच्या पायांत वारं होतं, पण काळजात उंदीर. गर्दीचा आवाज आला की तो घामानं निथळायचा. शर्यत सुरू होण्याआधीच त्याची शर्यत संपलेली असायची. प्लॅस्टिकची पिशवी उडाली तरी हे साहेब भिंतीवर. आणि मला आठवायची आमची चिमणी. तिच्या कानाशी दहा हजारांची माळ फुटली, डीजेनं खिडक्यांची तावदानं हलवली, तरी ती आपली उभी. शेपटीनं माश्या वारतेय.

चिमणी काही जन्मतः तशी नव्हती. बाबांनी तिला तसं केलं होतं. ती दाण्याची चंदी खात असताना बाबा तिच्याजवळ बसून तेलाचा रिकामा डबा बडवायचे. आधी हळू, मग जोरात. आवाज आला की खायला मिळतं, हे तिच्या डोक्यात एकदा बसलं, मग तिला बँड म्हणजे जेवणाची घंटाच वाटायला लागली. मी तेच सुरू केलं. टॉमपुढे चंदी ठेवायची आणि बादली बडवायची. आठवड्याभरानं मोबाइलवर आपल्या हळदीची गाणी लावायला लागलो. मेव्हबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, मला वेड लागलं. मी मोडक्या इंग्रजीत चिमणीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या घरातला मोठा स्पीकर आणून दिला. एवढ्या नावाजलेल्या ट्रेनरबाई, पण पूर्ण्याच्या वरातवाल्याची विद्या त्यांनी बिनतक्रार घेतली. हे मी कधी विसरणार नाही. त्या हिवाळ्यात टॉम दोन शर्यती जिंकला, आणि पुढच्या नोव्हेंबरात त्याचं नाव मोठ्या शर्यतीच्या दावेदारांत आलं.

आता माझा गाढवपणा ऐका.

आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाडव्याला घरातल्या कुणीही फराळाला हात लावण्याआधी पहिला अनारसा घोडीला. तिच्या जिवावर आपण जेवतो, मग आधी तिनं जेवावं. त्या वर्षी आईचा फराळाचा डबा नेमका पाडव्याच्याच दिवशी पोचला, बुधवारी. मोठी शर्यत रविवारी. मी डबा उघडला, तुपाचा वास आला आणि डोळ्यांतून पाणीच आलं. उरलेली दिवाळी कुणाबरोबर करणार? मी वरचा एक अनारसा घेतला, टॉमच्या बॉक्सपाशी, म्हणजे तबेल्यातल्या त्याच्या खोलीपाशी, गेलो आणि तळहातावर धरला. त्यानं तो खाल्ला आणि खसखस चिकटलेला माझा हात चाटून लख्ख केला. मग मी दुसरा अनारसा खाल्ला. इतका आनंद मला त्या देशात आधी झाला नव्हता.

गुरुवारी सकाळी गवत घेऊन ट्रक आला. ड्रायव्हर पाव खात खात चंदीच्या खोलीत शिरायला लागला आणि डोनल त्याच्यावर असा ओरडला की कुत्री भुंकायला लागली. त्या पावावर खसखस होती. डोनलनं त्याला बाहेर काढलं आणि समजावलं: खसखस अफूच्या बोंडातली, घोड्याच्या पोटात चार दाणे गेले तरी तपासणीत मॉर्फिन दिसतं. घोडा बाद होतो, ट्रेनरच्या नावाला काळं लागतं. यार्डात बाहेरचं काही खायला घालायचं नाही, हा नियम मला माहीत होता. पण अनारसा मला कधी 'बाहेरचं' वाटलाच नव्हता.

मी तसाच टॉमच्या बॉक्समध्ये जाऊन बसलो. गप्प राहिलो तर? कदाचित तपासणीत काही दिसणारही नाही. पण दिसलं तर मेव्हबाईंची सारी उमर पाण्यात, आणि नोराबाईंचा एकुलता घोडा दवा घालून पळवल्याचा बोभाटा. बोललो तर रविवारची शर्यत हातची जाणार, आणि बहुधा माझी नोकरीही. त्या देशात राहायचा माझा परवाना त्याच नोकरीवर होता. म्हणजे परत स्कॅनर, परत खोके. टॉम माझ्या केसांत नाक घालून आणखी अनारसे शोधत होता.

तेव्हा मला बाबांची वडपे गावातली गोष्ट आठवली. एका बड्या जमीनमालकाच्या मुलाची वरात होती. सकाळी चिमणी लंगडायला लागली. बाबा तिथवर चालत गेले, मला बरोबर घेऊन. भर मांडवात उभे राहून म्हणाले, "घोरी येनार न्हाय. पाय दुखतंय तिचा. चूक माजी हाय, मी नाल उशिरा बदलला." लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. नवरदेव जीपमधून गेला. परतताना मी चिडून विचारलं, फोन का नाही केलात? ते म्हणाले, "फोनवर लबारी सोपी जाते."

मेव्हबाईंना मेसेज करायला मी मोबाइल काढलाच होता. तो खिशात टाकला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. डबा सोबत नेला. टेबलावर ठेवला, एक अनारसा काढून दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी अनारसा उचलून त्यावरची खसखस नखानं खरवडून पाहिली. मग त्यांनी फोन उचलला आणि टॉमचं नाव मागं घेतलं. मला फक्त म्हणाल्या, "जा, कामाला लाग." दिवसभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा मिस केला.

दुपारी नोराबाई आल्या. मी हात जोडले. ते तिथं कुणी जोडत नाही, पण माझे आपोआप जोडले गेले. म्हटलं, "तुमचा घोडा धावणार नाही, तो माझ्यामुळे." त्यांनी टॉमच्या मानेवरून हात फिरवला आणि विचारलं, "त्याला आवडलं का ते?" मी म्हटलं, फार. त्या म्हणाल्या, "माझा नवरा याच्या आईला नाताळचा केक चारायचा. मी कितीदा भांडले त्याच्याशी." आणि डोळे पुसून हसल्या. मी मात्र तिथं गवताच्या गठ्ठ्यावर बसून लहान मुलासारखा रडलो. शिव्या खायच्या तयारीत असलेल्या माणसाला माया झेपत नाही.

रविवारी ती शर्यत दुसराच घोडा जिंकला. डोनलनं टीव्ही बंद केला आणि माझ्यासाठी चहा ओतला. सोमवारी सकाळी मेव्हबाई यार्डात आल्या, सगळ्यांसमोर डोनलच्या कमरेची चंदीच्या खोलीची किल्ली मागितली आणि ती माझ्या हातात दिली. मला वाटलं, माझी थट्टा करताहेत. "या खोलीत काय जातं, काय नाही, ते आता तू बघायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढं ते इथं दुसऱ्या कुणाला कळलेलं नाही." डोनल म्हणाला, बरं झालं, ती किल्ली मला टोचायचीच. भावंडांनो, अशी माणसं नशिबानं भेटतात. मी त्यांना शोधून काढलं नाही, ती मला मिळाली.

वसंतात मोठ्या मैदानावर टॉम पुन्हा उतरला. पन्नास हजारांची गर्दी गरजत होती आणि तो कान टवकारून इकडेतिकडे बघत होता, जेवण कुठं आहे म्हणून. शेवटच्या उडीला तो पुढे होता. मी रेलिंगला धरून आगरीतून ओरडत होतो, शेजारी डोनल त्याच्या भाषेत. चढावर एका घोड्यानं त्याला गाठलं आणि मानेच्या अंतरानं टॉम दुसरा आला. तर "घोरा जिकला का" याचं खरं उत्तर हे: न्हाय, जिकला न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी किल्ली लावून खोली उघडत होतो, तेवढ्यात बाबांचा फोन आला. तिथं उन्हं डोक्यावर आलेली, मागं कंटेनरचे हॉर्न. बाबांनी निकाल विचारला नाही. म्हणाले, "कमल्या, घोरा जेवला का?" मी बॉक्समध्ये डोकावलो. गव्हाण चाटूनपुसून साफ होती. म्हटलं, "जेवला, बाबा." फोन ठेवतोय तोच ऑफिसातला फोन वाजला. नोराबाई होत्या. गुड मॉर्निंगसुद्धा न म्हणता त्यांनी विचारलं, "खाल्लं का रे त्यानं सगळं?"

आई अजून दर फोनला विचारते, घरी कधी येणार. मी म्हणतो, गणपतीला येतो. आणि येतोही. पण त्या सकाळी एकाच प्रश्नाचं एकच उत्तर मी दोन भाषांत दिलं, तेव्हापासून दोन घरं असणं मला जड वाटत नाही.