वेणीचं माप

माझ्या लग्नाची फुलं ठरवायला हिंगणघाटचा फुलवाला स्वतः वडनेरला आला, याचं आमच्या गल्लीला फार अप्रूप वाटलं होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. तोवर गावातली लग्नं आंब्याचं तोरण आणि रंगीत पताका एवढ्यावर उरकत. पण वडिलांनी हिंगणघाटला एका व्यापाऱ्याच्या घरचा मांडव पाहिला, आणि तेव्हापासून ते झेंडूच्या माळांबद्दल असे बोलू लागले की लग्न माझं आहे की झेंडूचं, असा प्रश्न पडावा.

फुलवाला सायकलवरून उतरला, गडूभर पाणी प्यायला आणि पहिल्याच दमात झेंडू उडवून लावला.

"वैशाखात झेंडू कुठून आनू, भाऊ? मोगरा देतो. मांडव पांढरा दिसला तर तुमचे सोयरे काई वापस जात नाई."

वडील हिरमुसले, पण वैशाखापुढं त्यांचंही काही चालेना. मग मोगऱ्याच्या माळा ठरल्या, बाशिंगं ठरली, हारांसाठी नागपूरहून गुलाब मागवायचं ठरलं. माणूस बोलघेवडा होता. दिलेली वेळ पाळण्याबद्दल त्याची काही ख्याती नव्हती, आणि मध्येच तंबाखू मळायला बसला की काम तिथंच थांबे. तरी मला तो आवडला. लग्न ठरल्यापासून माझ्याकडं बघून "तुले कोनतं फूल आवडते?" असं विचारणारा तो पहिलाच.

अंगण पावलांनी मोजून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "डहाळे कोन आनन?"

मांडवावर टाकायचे जांभळीचे हिरवे डहाळे आमच्याकडं घरच्या जावयानंच तोडून आणायचे असतात. तो त्याचा मान. फुलवाल्याचा प्रश्न साधा होता. त्याच्या माळा त्याच डहाळ्यांना बांधायच्या होत्या आणि डहाळे सुकलेले निघाले तर मोगरा तासाभरात मान टाकतो, म्हणून कोण आणणार आणि केव्हा, हे त्याला कळायला हवं होतं. पण आमच्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर साधं नव्हतं.

घरचा जावई होता, आणि नव्हताही. माझी थोरली बहीण, ताई, तळेगावला दिली होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती काविळीनं गेली. वर्ष सरायच्या आत भाऊजींच्या आईनं त्यांचं दुसरं लग्न लावलं. त्यानंतर त्यांचं येणं नाही, आमचं जाणं नाही. भांडण झालं नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

आत्या तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "तो आता दुसऱ्याच्या घरचा जवाई झाला. माहा जवाई आनन डहाळे. तोही काई परका नाई."

वडिलांनीही मान डोलावली. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली. परक्या माणसाशी ती सहसा बोलत नसे. त्या दिवशी थेट फुलवाल्यालाच म्हणाली, "डहाळे तळेगावचे जवाईच आनतीन."

"मंग त्याह्यले सांगून ठेवा, माय. पाह्यटेच तोडा म्हना. दुपारचे डहाळे मले चालत नाई."

मग त्यानं वेण्यांचं माप मागितलं. घरच्या लेकींच्या शेपट्यावर मोगऱ्याची लांब वेणी माळायची, म्हणून केसांचं माप दोऱ्यानं घेऊन द्यायचं. आईनं मला पाठमोरी बसवलं, मानेपासून शेपट्याच्या टोकापर्यंत दोरा धरला आणि तोडला. "हे धाकटीचं." मग तिनं दुसरा दोरा घेतला, पुन्हा माझ्याच मानेशी धरला आणि माझ्या शेपट्याच्या खाली, कमरेच्याही खाली सोडला. ताईचे केस तेवढे होते. "न् हे थोरलीचं."

वडील उठून बैलांकडं गेले. ती वेणी भिंतीवरच्या ताईच्या फोटोला घालायची असेल असं मला वाटलं, आणि फुलवाल्यालाही तेच वाटलं असावं. त्यानं दोन्ही दोरे टोपीत खोवले.

आईच्या हट्टापायी वडील वर्धा, आर्वी करत एस.टी.नं तळेगावला जाऊन आले. आल्यावर आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"जवाई पाहतो म्हने," ते म्हणाले. "त्याची मायही काई बोलली नाई. ती नवी पोरगी पान्याचा लोटा घेऊन आली, पाया पडली न् आत गेली. मी दोघायलेही या म्हनलं."

"तिले काऊन बोलावलं?" मी म्हणाले. मला खरोखर राग आला होता. ताईच्या चुलीपुढं, ताईच्या भांड्यांत जी रोज रांधते, तिनं माझ्या लग्नात मिरवावं हे मला सहन होत नव्हतं.

आई म्हणाली, "एकटा जवाई आला तर तो पाव्हना. जोडीनं आला तरच घरचा." आणि पीठ चाळायला गेली.

मांडवाच्या दिवशी फुलवाला चक्क वेळेवर आला. ओल्या पोत्यात माळा, केळीच्या पानात वेण्या. आत्याचा जावई कुऱ्हाड घेऊन तयारच होता. मी हळद लावलेली, खिडकीशी पाटावर बसले होते. मला अंगण दिसत होतं आणि आईची पाठ दिसत होती. आई सगळ्यांना कामं सांगत होती, पण उभी मात्र रस्ता दिसेल अशीच.

पहिली एस.टी. गेली. कोणी उतरलं नाही. "ऊन चढून राह्यलं," आत्या म्हणाली. वडिलांनी फुलवाल्याकडं पाहिलं. एरवी दुपारच्या डहाळ्यांवरून अंगावर येणारा हा माणूस, त्या दिवशी म्हणाला, "घाई काय हाय? पोतं ओलं हाय अजून." आणि तंबाखू मळायला बसला. त्याला खरंच तलफ आली होती की कसं, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या एस.टी.तून भाऊजी उतरले. वाळले होते. मागं ती होती, पदर कपाळापर्यंत ओढून. भाऊजी अंगणात आले, वडिलांच्या पाया पडले आणि म्हणाले, "रात्री वर्ध्याले मुक्काम केला. कुऱ्हाड कुठं हाय?" आत्याच्या जावयानं आपल्या हातातली त्यांच्या हातात दिली. ते बैलगाडी घेऊन नाल्याकडं गेले. आईकडं त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं, तिलाही आणि त्यांनाही.

ती नवी पोरगी मात्र फाटकाशीच राहिली. अंगणभर बायका, आणि एकीलाही तिला काय म्हणून हाक मारावी ते कळेना. माझ्याच वयाची होती ती, आणि दुसऱ्या बाईच्या माहेरच्या फाटकात, हातातली पिशवी कुठं ठेवावी ते न कळून उभी होती.

आई फुलवाल्यापाशी गेली. केळीच्या पानातून तिनं लांब वेणी काढली, ती फोटोकडं नेली नाही. फाटकाशी जाऊन तिनं त्या पोरीचा पदर मागं सारला आणि वेणी माळायला लागली. पोरीचा शेपटा बारीक, जेमतेम अर्ध्या पाठीपर्यंतचा. वेणी माळून संपली तरी वीतभर खाली लोंबत राहिली.

फुलवाला उठून आला. "कमी करून देऊ का, माय?"

"नाई," आई म्हणाली. "कापू नका." लोंबणारी फुलं तिनं वर दुमडली, आपल्या अंबाड्यातला आकडा काढून खोवली आणि त्या पोरीला हाताला धरून आत आणलं. तेव्हा कुठं आई रडली. मीही रडले, हळदीसकट.

डहाळे आले, हिरवेगार, गाडीभर. मांडव पांढरा झाला आणि वडिलांचे सोयरे कोणी परत गेले नाहीत.

पुढं ऐंशीच्या दशकात माझ्या भावाचं लग्न निघालं. माघातलं, त्यामुळं वडिलांना अखेर झेंडू मिळाला. फुलवाला तोच, आता लूनावर यायचा. ठरवाठरवीसाठी आम्ही दोघीही आलो होतो, मी सासरहून आणि ती तळेगावहून. डहाळे कोण आणणार हे त्यानं विचारलं नाही. वेण्यांचं माप तेवढं मागितलं.

आईनं माझं माप घेतलं. मग दुसरा दोरा घेतला. मला वाटलं, आता तो माझ्या मानेशी धरून कमरेखाली सोडेल. तिनं हाक मारली, "इकडं ये वं." ती कणकेचे हात पुसत आली आणि आईपुढं पाठमोरी बसली. आईनं तिच्या मानेशी दोरा धरला, अर्ध्या पाठीपर्यंत आणला, दातानं तोडला आणि फुलवाल्याच्या हातात दिला.

"हे थोरलीचं," आई म्हणाली.