अर्डिस ट्वाइटनं नळी मोजली

गोळीनं कागदावर आडवं भोक पाडलं, तर दोष कुणाचा? रायफलीचा? मारणाऱ्याचा? बोला की. आमच्या लोन बट गावात अठ्ठावीस वर्षं एकच उत्तर होतं: हाल्वर ट्वाइटचा. हे उत्तर देणाऱ्यांत मीही होतो. सरकारी रस्त्यावर फाटकं ठोकणाऱ्या गुरांच्या बड्या रँचवाल्यांशी मी गेली वीस वर्षं पुरावा मागून भांडतोय, आणि गावच्या म्हाताऱ्यावर मात्र पुराव्याशिवाय ठपका ठेवून मोकळा झालो. लाज वाटते, पण खरं ते खरं.

हाल्वर सत्याऐंशी वर्षांचा. सगळी हयात गुरांमागे गेली. त्याची रायफल १९०६ सालची, लिव्हर ओढून काडतूस चढवायची, अडतीस-पंचावन्न जातीच्या काडतुसाची, बापाकडून आलेली. बाप स्वतः शिसं ओतून गोळ्या करायचा, आणि त्याच्या हाती ही रायफल हरणाच्या खांद्यावर बोट ठेवल्यासारखी लागायची. पुढे बापाचा साचा हरवला. हाल्वर दुकानातल्या गोळ्या आणायला लागला आणि गोळ्या कोलांट्या खायला लागल्या. कागदावर किल्लीच्या भोकासारखी लांबट भोकं. "नळी पुसली नाहीस, गंजवलीस, खाचा झिजल्या," असं लोक म्हणाले. त्यानं मान खाली घालून ऐकलं, रायफल कपाटात ठेवली आणि शिकार सोडून दिली.

यंदा जूनमध्ये लाइल ब्रेक्केनं ती मागितली. लाइलचा बार आहे, त्याच्या भिंतीवर एल्क हरणाच्या शिंगांमध्ये एक जागा रिकामी आहे. बदल्यात हाल्वरला दर रविवारी फुकट न्याहारी, मरेपर्यंत.

"ने," हाल्वर म्हणाला. "शनिवारी नेमबाजीचे सामने झाले की ने."

त्याची मुलगी अर्डिस बारमध्ये शेजारीच पॅनकेकवर सिरप ओतत होती. एकसष्ट वर्षांची, चौतीस वर्षं शाळेची बस चालवणारी. बर्फात रुतलेली बस शिव्या देऊन बाहेर काढते, अशी तिची ख्याती. तिनं सिरपची बाटली आपटली.

"बाबा, भिंतीवर? ती काय मुंडी आहे?"

"मेलेलीच आहे गं ती. मीच मारली."

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनी."

"मोजलं कुणी?"

लाइल हसला. "अर्डिस, तू आपली बस चालव बाई. मेल्या घोड्याचे दात मोजून तो उठतो होय?"

माझं डोकं सटकलं. "लाइल, तुला बिअरचा ग्लास सरळ धरता येत नाही, तू नळीबद्दल बोलतोस?"

"तू गप्प रे," अर्डिस माझ्यावरच उखडली. "माझं भांडण मी भांडते. बाबा, शनिवारी मेंढ्यांच्या फेरीत मी उतरते. दोनशे यार्डांवर दहा लोखंडी मेंढे. किती पाडले तर ही घरी राहील?"

हाल्वरनं कॉफी ढवळली. "पाच."

मंगळवारी तिच्या स्वयंपाकघरात मी हजर. रायफल रिकामी आहे हे तिनं तीनदा बघितलं. मग तेल लावलेला मऊ शिशाचा गोळा नळीच्या तोंडाशी धरला, लाकडी हातोडीनं हलकेच आत ठोकला आणि पितळी गजानं पार दुसऱ्या टोकाला नेला. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. मऊ शिसं जाताना त्या भरून घेतं, म्हणजे नळीचा ठसाच हातात येतो. तिनं तो मायक्रोमीटरमध्ये धरला. पुन्हा धरला. मग दुकानातली गोळी धरली.

"बाबा!" एवढ्या मोठ्यानं ओरडली, की कुत्रा टेबलाखाली गेला. "झिजलेली नाही! ठशाच्या कडा बघ, नख कापेल!"

इंचाचे हजार भाग केले, तर नळी तीनशे एक्याऐंशी भागांची. दुकानातली गोळी तीनशे पंचाहत्तरची. दोन केसांएवढा फरक! जुन्या नळ्या ऐसपैस असायच्या. आता खोक्यावर नाव तेच छापतात, आत गोळी बारीक. ती खाचांना धरतच नाही, मग फिरकी कुठली आणि नेम कुठला? अठ्ठावीस वर्षं सगळं गाव खोक्यावरचं वाचत होतं, नळीला कुणी विचारलंच नाही. मी टेबलावर मूठ आपटली. हाल्वर मात्र खुर्चीत बसून तो शिशाचा ठसा बोटांत फिरवत राहिला.

पुढचे दोन दिवस आम्ही माणसात नव्हतो. अर्डिसनं उसना साचा आणला, तो निघाला अपुरा. बारीक घासपूड लावलेली गोळी त्यात फिरवून फिरवून तिनं तो हवा तेवढा मोठा केला. अंगणात शिसं आणि थोडं कथील वितळवलं. पहिल्या चाळीस गोळ्या सुरकुतलेल्या, परत भांड्यात. मग चकचकीत, भरीव, तीनशे ब्याऐंशीच्या! नळीपेक्षा एक भाग जास्त, म्हणजे घट्ट धरणार. मेण लावलं, काडतुसं भरली, शुक्रवारी सकाळी मैदानावर गेलो.

लिव्हर मिटेना.

गोळी जाड झाली म्हणून पितळी पुंगळीचं तोंड फुगलं होतं. काडतूस नळीमागच्या आपल्या घरात बसेचना. अर्डिस खाली बसली. सामना उद्यावर, आणि रायफल दातखीळ बसल्यासारखी.

"जोर लावून बघू?" मी म्हणालो.

"तुझ्या डोक्यावर लावते जोर. फुटलं म्हणजे?"

तेव्हा हाल्वर बोलला. रायफलीबद्दल इतक्या वर्षांत त्यानं आपणहून शब्द काढला नव्हता. "माझा बाप पुंगळ्याही निवडायचा. बियाण्याचे बटाटे निवडतात तशा. पातळ भिंतीच्या वेगळ्या काढायचा, म्हणजे जाड गोळी घातली तरी तोंड फुगत नाही."

मैदानावर रिकाम्या पुंगळ्यांची बादली होती. आम्ही ती ओतली! अडतीस-पंचावन्नच्या साठ निघाल्या. तपासून, एकेकीची भिंत मोजून पातळ आणि धड अशा उरल्या अकरा. फेरीला दहा लागतात. म्हणजे चाचणीला एक. एकच!

दुपारी अर्डिसनं ती एक उडवली. कागद आणायला मी पळत गेलो, पळतच आलो. भोक गोल होतं. कंपासनं काढल्यासारखं गोल. हाल्वरनं त्यात करंगळी घातली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

शनिवारी सगळं गाव जमलं. लाइलनं भिंतीत ठोकायचे खिळेही आणले होते, हलकट. पहिली गोळी गेली, मेंढा उभा. दुसरी, तरी उभा. "रविवारी न्याहारीला अंडी कशी हवीत, हाल्वर?" लाइल ओरडला.

दुर्बिणीला डोळा लावून हाल्वर म्हणाला, "पोरी, पाठीवरून जातेय. पायांशी धर."

तिसरी. क्षणभर काहीच नाही, मग ठण्ण! मेंढा आडवा. चौथी, ठण्ण! पाचवी, ठण्ण! सहावी वाऱ्यानं नेली. सातवी, ठण्ण! मी कुणाच्या तरी खांद्यावर गुद्दे मारत होतो, तो खांदा लाइलचा निघाला. आठवीला अर्डिसनं इतका वेळ घेतला, की आम्ही श्वास घ्यायलाच विसरलो. ठण्ण! पाच!

तिनं रायफल बापापुढे केली. "उरलेल्या दोन तुझ्या."

नियमात बसत नाही. पण पंचबाईंना त्याच क्षणी कॉफी घ्यायची आठवण झाली. हाल्वरनं एकच मारली. मेंढा पडला. मग तो सावकाश वळला आणि शेवटचं काडतूस भरलेली रायफल बाकावर लाइलपुढे ठेवली. "घे, तूही एक मार. उगाच मला न्याहारी घालायला निघाला होतास."

लाइलनं मेंढा पाडला. तेव्हापासून हा प्राणी गावभर सांगत सुटलाय, की ही रायफल त्यानंच ओळखली होती. रायफल आता हाल्वरच्या पलंगाशेजारी आहे, आणि शिकारीच्या परवान्याचा कागद भरून झालाय. सत्याऐंशीव्या वर्षी!

आता दर रविवारी अर्डिसच्या दारात रांग लागते. आज्यांच्या, आजोबांच्या, "झिजलेल्या" म्हणून टाकलेल्या रायफली. आतापर्यंत मोजल्या अठरा, खरोखर झिजलेल्या निघाल्या तीन. तुमच्याकडेही अशी एक असेल, तर जरूर आणा. पण हात जोडून सांगतो, घरून निघतानाच लिव्हर उघडून ती रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि चर्च सुटायच्या आधी येऊ नका. बाईला एक दिवस तरी झोपू द्या.